रिकामी खुर्ची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आपलं फ्रीमेसनांचं जुनं बंधुमंडळ, त्याची आपली ही शाखा म्हणजे लॉज, तिच्यात तरुण यावेत म्हणून तू आखलेल्या योजनेची पीडीएफ मिळाली. मोबाईलवर डोळे ताणत बसण्यापेक्षा धरमपेठेत जाऊन झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. एकवीस पानं! ॲप, इन्स्टाग्राम, एक सोडून एक सभा ऑनलाइन, आणि शेवटी ‘लॉजचं ब्रँडिंग’. सेक्रेटरी होऊन तुला तीनच महिने झालेत, मिहानमधली नोकरी सांभाळून तू हे सगळं केलंस, त्याचं कौतुक आहे. पण समासात पेन्सिलीने मी बरंच खरडलंय. त्यातलं कामाचं तेवढं इथे उतरवतो.

पहिल्याच पानावर तू म्हणतोस, इंटरनेटने आपली गुपितं चव्हाट्यावर आणली, म्हणून तरुण पोरं येत नाहीत. अरे, आपली गुपितं १७३० सालीच फुटली. लंडनमध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने सगळा विधी, खुणा आणि शब्दांसकट, पुस्तिका छापून विकला. पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजेसची मध्यवर्ती संस्था, १७१७ ची; म्हणजे तिला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. पुस्तिका हातोहात खपली, आवृत्त्या निघाल्या, आणि लॉजेस वाढतच गेल्या. दारामागचा शब्द कळल्यावरही लोकांना आत येऊन बसायचं होतंच.

गळतीचं खापरही मोबाईलवर फोडू नकोस. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास चाळीस लाखांवर फ्रीमेसन होते, आज दहा लाखांच्या आत आहेत. उतार लागला तेव्हा इंटरनेटचा जन्मही झाला नव्हता. ऑड फेलोजसारख्या, आपल्यासारख्याच बंधुमंडळांचं खरं काम काय होतं? आजाऱ्याला भत्ता, मयताचा खर्च, अनाथ पोरांचं शिक्षण. अमेरिकेत १९३५ साली सरकारी पेन्शन आलं, ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली, आणि वर्गणी भरण्याचं निम्मं कारणच संपलं. संध्याकाळी घराबाहेर पडायचं कारण टीव्हीने संपवलं. मोबाईल आला तो पडझड झालेल्या वाड्यात.

आता तुझ्या नवव्या पानावर येतो. ऑनलाइन सभा. इथे मी नुसती रेघ मारून ठेवली आहे, कारण समास पुरला नसता.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, तू तेव्हा नवा होतास. आपले प्रतापनगरचे जुने ट्रेझरर. ते रोज सकाळी सहाला ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकतात, खाली ‘सुप्रभात’. त्यावर पंधरावीस जणांचे जोडलेले हात. ऑगस्टच्या सभेला टायलर, म्हणजे आपला दारावरचा पहारेकरी, हजेरीची वही घेऊन माझ्याकडे आला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “यांची सही मागच्या खेपेलाही नाही.” मी वळून पाहिलं. दक्षिणेच्या भिंतीलगत, ज्युनिअर वॉर्डन या पदाधिकाऱ्याच्या बाजूची त्यांची खुर्ची रिकामी. तीस वर्षं एकाच जागी बसणारा माणूस नसला की ती खुर्ची बोचते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, पाच आठवडे झाले होते. बायको गेलेली, मुलगा परदेशात. ऑपरेशन उरकून ते घरी येऊन पडले होते, सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन डबा ठेवून जायची. आम्हाला पाहून चिडलेच. “काऊन आले बे तुम्ही? मी रोज मेसेज टाकून राहिलो ना!” छातीवर फोन, उशाशी स्टीलचा तांब्या, आणि खिडकीची काच आठवडाभर उघडी राहिल्यामुळे अर्धी गादी ओली. ती बंद करायला उठता येत नव्हतं, आणि बाईला सांगायचा संकोच.

ग्रुपवर त्या पाच आठवड्यांत एकही फूल चुकलं नव्हतं.

तुझ्या ऑनलाइन सभेत काय झालं असतं सांगतो. ते नसते तर त्यांचा चौकोन पडद्यावर आलाच नसता. उरलेले चौकोन आपोआप सरकून जागा भरून काढतात. पडद्यावर रिकामी खुर्ची नसते रे. मी तुझ्या एकवीस पानांत तेवढंच शोधत होतो, आणि ते नाही.

दुसरं, फोन बाहेर टायलरकडे ठेवायची आपली रीत तू ‘शिथिल’ करायला सांगतोस. नको. धर्म आणि राजकारण लॉजच्या आत आणायचं नाही, हा १७२३ च्या अँडरसनच्या नियमावलीपासूनचा दंडक. आपल्या वेदीवर गीता, कुराण, बायबल शेजारी-शेजारी असतात, ते काही शोभेला नाही. गेल्या निवडणुकीत आपले दोन ब्रदर एकमेकांना ब्लॉक करून बसले होते. तरी ठरल्या दिवशी दोघं आले, आणि जेवणाच्या टेबलावर एकाने दुसऱ्याच्या ताटात न विचारता वांग्याची भाजी वाढली. फोन हातात असता तर हे झालं नसतं, एवढं मी छातीठोक सांगतो.

विधी पाठ करायचा कंटाळा येतो हे कबूल. मीही पहिल्यांदा तिसऱ्या वाक्याला अडकलो होतो. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, काळा कोट घालून, कूलरच्या घरघरीत. मागून एका म्हाताऱ्याने पुढचा शब्द हळूच पुरवला. त्या माणसाशी मग माझी वीस वर्षं मैत्री होती. स्क्रीनवरून वाचून दाखवलं असतं तर त्याला पुरवायला काही राहिलंच नसतं. (मेमधला कोट मात्र रद्द करायला हवा. त्या ठरावाला माझा पाठिंबा घे.)

वेबसाइट हवीच. साधी ठेव: आपण कोण, कधी भेटतो, अर्ज कसा करायचा. कारण इंटरनेटवर दुसरीच मंडळी बसली आहेत, ‘सभासद व्हा, श्रीमंत व्हा’ म्हणत आधी यूपीआयने पैसे मागणारी. माझ्या भाच्यालाच असा मेसेज आला होता. पहिल्या ओळीतच ठळक लिही: आम्ही कुणालाही मेसेज करून पैसे मागत नाही. रील वगैरे करायचं तर कर, पण विधीचा एप्रन घालून नाचू नका.

वर्गणीबद्दल तू भीत-भीत लिहिलंस. त्यात चूक माझी आहे. मी ट्रेझरर असताना चार वर्षं ओळीने वाढ अडवली, पेन्शनरांना जड जाईल म्हणून. वाचवलेले पैसे छताच्या गळतीत गेले, शिवाय ग्रंथालयाचं एक कपाट वाळवीने खाल्लं. वाढव. ज्याला खरंच जड जाईल त्याचं आपण दोघं गुपचूप बघू.

आणि तुझ्या बहिणीने विचारलेला प्रश्न, मुलींना लॉजमध्ये प्रवेश काऊन नाही? मी तिला नियम सांगितला. ती म्हणाली, “नियम विचारला नाही काका, कारण विचारलं.” माझ्याकडे नव्हतं. एके काळी मुंबईत भारतीय माणसालाही आपलं दार बंद होतं. मुंबईच्या पारशी माणकजी करसेटजींना दीक्षा घ्यायला पॅरिस गाठावं लागलं, मग १८४३ साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी भारतीय लोकांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज काढली. त्या काळच्या नकार देणाऱ्यांकडेही नियम होताच. पॅरिसमध्ये १८९३ पासून स्त्री-पुरुषांची मिश्र शाखा आहे, ॲनी बेझंट तिच्यातल्याच. आपल्या ग्रँड लॉजचा नियम आपल्या दोघांच्या हातात नाही. पण जेवणाला घरच्यांना बोलावणं आहे. दिवाळीनंतरच्या सभेपासून सुरू कर.

ॲपचा खर्च सध्या थांबव, छताचं कोटेशन आण. आणि सभेला येताना प्रतापनगरवरून ये. ते आता वॉकर घेऊन चालतात. तुझ्या गाडीच्या डिक्कीत तो मावायचा नाही, मागची सीट पाडावी लागेल. साडेपाचला खाली उभं राहायला सांगितलंय, उशीर करू नकोस. ते पाचलाच येऊन उभे राहतात.

तुझा,
काका