अकाउंट्सचं काम आणि घरचा वापर: विंडोज घेऊ की मॅक?

विंडोज लॅपटॉप घेऊ की ॲपलचा मॅक, असं विचारलंत. ठाण्यात राहता, ऑफिस वाशीला, काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर म्हणता, मग कामासाठी विंडोजच घ्या. टॅलीची आताची आवृत्ती, टॅलीप्राइम, मॅकवर थेट चालत नाही. मॅकच्या आत विंडोज बसवून चालवता येतं, पण मार्चअखेरीला ते लचांड कोणाला हवंय? मी ही हौस केली होती. रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं) लावलं आणि मग लक्षात आलं की ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॅकसाठीचा ड्रायव्हर, मी टाकलाच नव्हता. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या जुनाट लॅपटॉपवर सही केली, तीही त्याला चहा कबूल करून.

घरचं गणित वेगळं. आमच्याकडे २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. त्याला पंखाच नाही, त्यामुळे रात्री मुलं झोपल्यावर घरघर नाही, आणि बॅटरी टिकते, म्हणून ट्रान्सहार्बर लोकलने जाता-येता चार्जर सोबत लागत नाही. फक्त रॅम (चालू कामाची मेमरी) नंतर वाढवता येत नाही, ती घेतानाच ठरवा.

घरात विंडोज १० चा जुना पीसी असेल तर भंगारात देऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मुलांच्या अभ्यासाला पुरतं.