‘एमडी का नाही?’ असं विचारलं तर

“ताई, मुलाखतीत ‘एमडी सोडून डीओ का?’ असं विचारलं तर मुलीनं खरं सांगायचं का?” सप्टेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी आया मला हे विचारू लागतात. एमडी आणि डीओ या अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या. डीओ ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात मिळते, तिथे हातांनी करायचे उपचारही शिकवतात. ‘खरं’ म्हणजे त्यांच्या मनात एवढंच असतं, की एमडीची खात्री वाटेना म्हणून डीओचाही अर्ज भरला. हे कॉलेजला कळलं की मुलगी बाद, अशी धास्ती असते. त्यासाठी सईची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.

सईनं दोन्हीकडे अर्ज केले होते. ऑक्टोबरात पहिलं बोलावणं आलं ते ऑस्टिओपॅथिक कॉलेजकडून, व्हिडिओवर मुलाखत. आई खूश, बाबा गप्प. नाशिकचे काका स्वतः एमबीबीएस. त्यांनी फोनवर विचारलं होतं, “ऑस्टिओपॅथी म्हणजे ते मालिशवालं ना?” ते वाक्य या घरात मुक्कामालाच आलं होतं.

मुलाखतीच्या तयारीसाठी सई माझ्याकडे आली. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, डीओ का? तिनं पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं. डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल, १८६४ साली मेनिन्जायटिसनं त्यांची तीन मुलं गेली, त्या काळच्या औषधोपचारांवरचा त्यांचा विश्वास उडाला, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला त्यांनी पहिलं कॉलेज काढलं. मग तत्त्वं: शरीर, मन आणि आत्मा एकच, शरीराला स्वतःला सावरण्याची ताकद असते, शरीराची रचना आणि त्याचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं. सगळं बरोबर होतं. पण मुलाखत घेणाऱ्यांनी हा इतिहास त्याच आठवड्यात कितीतरी जणांकडून ऐकलेला असतो, आणि त्यात सई कुठेच नव्हती.

बरीच डीओ कॉलेजं डीओ डॉक्टरांचं शिफारसपत्र मागतात किंवा निदान त्याला वजन देतात. त्यासाठी सई एका डीओ फॅमिली डॉक्टरांकडे शॅडोइंगला, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघायला जायची. तिथलं काय आठवतं, असं विचारल्यावर ती थांबली आणि मग सावकाश सांगू लागली. गोदामात रात्रपाळी करणारा एक माणूस मान धरली म्हणून आला होता. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही, एवढंच उत्तर. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उताणं झोपवलं, स्वतः डोक्याशी स्टूल ओढून बसल्या आणि दोन्ही तळहात त्याच्या मानेखाली सरकवले. बराच वेळ हात नुसते तसेच. मग बोटांनी हळूहळू एकेक मणका चाचपत गेल्या. तेवढ्यात तो माणूस आपणहून बोलायला लागला: दिवसा झोप लागत नाही, बायको गावाला गेली आहे, छातीत मधूनमधून धडधडतं. मानेचं काम झाल्यावर डॉक्टरांनी त्याचा ईसीजी काढला.

“मावशी, धडधडीचं त्यानं आधी नर्सला सांगितलंच नव्हतं,” सई म्हणाली. हे सांगताना तिचे स्वतःचे हात मानेखाली धरल्यासारखे झाले होते. मी म्हटलं, हेच सांग. ‘दोन्हीकडे अर्ज केलास का?’ असं विचारलं, तर सरळ ‘हो’ म्हण. असे कितीतरी उमेदवार असतात आणि ते समोरच्यांना चांगलं माहीत असतं. खोटं बोलायचं तर नाहीच, पण खाली मान घालून कबुलीजबाबही द्यायचा नाही. हो म्हणायचं आणि त्या मानेच्या पेशंटकडे यायचं. एमडीला नावं ठेवायची नाहीत. ‘एमडी फक्त रोग बघतात, डीओ माणूस बघतात’ हे वाक्य मुलं फार सहज फेकतात. समोर बसलेल्या प्राध्यापकांत एमडीही असू शकतात आणि ते वाक्य खरंही नाही.

सई तयार होत होती, पण घरातलं वातावरण तिला खाली ओढत होतं. म्हणून पुढच्या भेटीला मी बाबांनाही बोलावलं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण समजत होतं. इकडे येऊन वीस-पंचवीस वर्षं राबायचं आणि मुलगी ‘अर्धी डॉक्टर’ झाली, हे कुठल्याही बापाला लागेलच. मी त्यांना सांगितलं, अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत डीओला पूर्ण परवाना आहे: औषधं, शस्त्रक्रिया, सगळं. इंग्लंड-युरोपातला ऑस्टिओपॅथ वेगळा, तो तिथे डॉक्टर नसतो. नाशिकच्या काकांचा गोंधळ बहुधा तिथूनच झाला. इथे वैद्यकीय अभ्यास एमडीसारखाच असतो, वर हातांनी करायच्या उपचारांचे साधारण २०० तास. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी व्यवस्था एकच झाली. आज अमेरिकेत वैद्यकीय शिकणाऱ्या दर चारांमागे एकाहून जास्त विद्यार्थी डीओचा असतो. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे डॉक्टर केविन ओकॉनर, दोघेही डीओ. हे ऐकून बाबा पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

त्यांच्यापासून मी दुसरी बाजूही लपवली नाही. न्यूरोसर्जरी, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी अशा चढाओढीच्या शाखांत डीओला जागा मिळवणं अजूनही जास्त अवघड जातं. कॉमलेक्स ही डीओंची स्वतःची परवान्याची परीक्षा आहेच, तरी बरेच जण एमडींची यूएसएमएलईसुद्धा देतात, म्हणजे दुहेरी कष्ट. आणि हातांच्या उपचारांतलं सगळंच सारखं सिद्ध झालेलं नाही. कंबरदुखीवर बऱ्यापैकी आधार आहे. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात या उपचारांनी नेहमीच्या उपचारांइतकाच आराम पडला, पण औषधं कमी लागली. कवटीच्या हाडांवरच्या उपचारांचा पुरावा मात्र कच्चा आहे. मुलाखतीत ‘पेशंटचा यावर विश्वास नसेल तर?’ असं विचारतातच. तिथे भक्तासारखं बोलू नये. कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही हे सांगावं, आणि पेशंटचा नकार मान्य करावा.

आता मुलाखतीचा दिवस. काही कॉलेजांत एकदोन प्राध्यापक समोर बसून गप्पा मारल्यासारखं विचारतात. अर्ज वाचलेला असेल तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या सी ग्रेडचा विषय निघणारच. दोन वाक्यांत सांगायचं आणि थांबायचं, रडगाणं नको. काही ठिकाणी अर्ज मुद्दाम दाखवतच नाहीत, समोरच्याला फक्त नाव ठाऊक असतं. तिसरा प्रकार एमएमआय, म्हणजे लागोपाठ छोट्या छोट्या मुलाखती, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेला. एक प्रसंग वाचायला साधारण दोन मिनिटं, मग बोलायला काही मिनिटं, की पुढचं स्टेशन. सई इथे अडकली. मी प्रसंग दिला: मैत्रीण परीक्षेत फोन बघताना दिसली, काय करशील? सई बरोबर उत्तर शोधत गप्प बसून राहिली. आपल्या मुलांना एकच बरोबर उत्तर शोधायची सवय लागलेली असते, त्यांचा दोष नाही. तिला सांगितलं, विचार मोठ्यानं कर. मला अजून काय माहीत करून घ्यायला हवं, यात कुणाचं नुकसान आहे, आधी कुणाशी बोलेन. चारपाच प्रसंगांनंतर तिला लय सापडली.

‘आमचंच कॉलेज का?’ हा प्रश्न मुलं हलक्यात घेतात. केंटकीतल्या पाइकव्हिलचं किंवा वेस्ट व्हर्जिनियातल्या लुइसबर्गचं कॉलेज डोंगराळ, ग्रामीण भागाला डॉक्टर मिळावेत म्हणून झटतं. न्यू जर्सीतल्या एडिसन शहरात वाढलेल्या मुलीनं तिथे ‘मला खेड्यातच राहायचंय’ म्हटलं तर कुणाला पटेल? त्यापेक्षा, खेड्यात राहिले नाही पण तिथे शिकायला का येईन, हे सांगावं.

आणखी एक गोष्ट सईनं आई खोलीबाहेर गेल्यावर विचारली. हातांच्या उपचारांचा सराव विद्यार्थी एकमेकांवर करतात, शॉर्ट्स आणि तोकड्या कपड्यांत. तिला संकोच वाटत होता. ही शंका अगदी रास्त आहे. मुलाखतीच्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलायला वेगळा वेळ असतो, त्यात मोकळेपणी विचारावं, असं तिला सांगितलं. तिनं एका मुलीला विचारलं. आपला जोडीदार आपणच निवडता येतो, असं कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. त्याच गप्पांत तिनं हेही विचारून घेतलं, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी हॉस्पिटलच्या पोस्टिंगला कुठे जावं लागतं. अनेक डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं, विद्यार्थी लांबलांबच्या गावांत पाठवले जातात. हा प्रश्न प्रत्येकानं विचारलाच पाहिजे.

(एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांच्या पालकांनी एक करावं. सगळी डीओ कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचा नियम बघावा.)

डीओ कॉलेजं प्रवेश टप्प्याटप्प्यानं देत जातात. सईला काही आठवड्यांतच होकार आला आणि लगेच जागा राखायचं डिपॉझिट मागितलं. अनेक ठिकाणी ते हजार डॉलरच्या पुढे असतं आणि बहुधा परत मिळत नाही. त्याच सुमारास एका एमडी कॉलेजचंही बोलावणं आलं. आईचा फोन: “ताई, आता तिकडे गेली तर इकडच्यांशी बेइमानी नाही का होणार?” नाही होत. डिपॉझिट भरून जागा धरायची, एमडीची मुलाखतही मनापासून द्यायची, आणि ठरलं की दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे ती जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते. डिपॉझिट बाबांनी भरलं. एमडीच्या मुलाखतीची तयारी सई सध्या एकटीच करते आहे.