मोकळं वाटतं, पण हक्काचं काय?

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून दुबईत नोकरी करते. ती म्हणते आई, मी इथे रात्री अकराला एकटी मेट्रोने येते, नाशिकपेक्षा इथे जास्त मोकळी आहे, मला परत यायचं नाही. तिचे बाबा म्हणतात, तिथे तुला मत नाही, बोलायची सोय नाही, कसलं मोकळं? दर रविवारी फोनवर यावरून वाद होतो. तुम्ही तिकडे राहून आलात, कोणाचं खरं?

उत्तर : ताई, आधी मी तुमच्या मुलीची बाजू घेते. शारजा आणि दुबई मिळून मी १९ वर्षं काढली. मेट्रोत बायकांच्या डब्यात बसायचं, उतरून दहा मिनिटं चालत घरी, कानात गाणी, पर्स खांद्यावर सैल लटकलेली. मागून कोण येतंय ते वळून बघायची सवय सहा महिन्यांत सुटली होती, पुण्यात परत आले आणि आठ दिवसांत पुन्हा लागली. ज्या मुलीला दिवेलागणीच्या आत घरी ये असं बारा वर्षं ऐकवलं तिला हे केवढं मोठं वाटत असेल ते बाबांना एकदा नीट सांगा. आपल्या घटनेत कलम १९ आहे, २१ आहे, मला त्यांचा अभिमान आहे, पण रात्री दहाला सुनसान बसस्टॉपवर ती कलमं तिच्या शेजारी येऊन उभी राहत नाहीत.

आता बाबांचं. त्यांची काळजी उगाच नाहीये. तिथे जवळजवळ ९० टक्के लोक बाहेरचे, आणि नागरिकत्व म्हणाल तर तिथेच जन्मलेल्या मुलांनाही सहसा मिळत नाही. मत नाही, युनियन नाही, संप नाही. तुमच्या मुलीचं ते रात्रीचं चालणं व्हिसाला बांधलेलं आहे आणि व्हिसा नोकरीला. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, मग मुदत सुरू. आधी सरसकट ३० दिवस असायची, २०२२ पासून बऱ्याच कॅटेगरीत ती ६० ते १८० दिवस झाली हे खरंच बरं झालं, पण तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, घराच्या भाड्याचं बघायचं, बँकेचं मिटवायचं. लोन थकलं आणि बँक कोर्टात गेली तर ट्रॅव्हल बॅन लागू शकतो, म्हणजे नोकरी नाही म्हणून राहता येत नाही आणि कर्ज आहे म्हणून निघता येत नाही. असे दोघंजण मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलेत, चांगले शिकलेले, कालपर्यंत वीकेंडला ब्रंचला जाणारे.

बोलण्याचंही तसंच. २०२१ च्या सायबर कायद्याप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला शिवी दिली तरी गुन्हा, कैद होऊ शकते, दंड अडीच लाख ते पाच लाख दिरहॅम. पार्किंगवरून ग्रुपवर भांडणं आपल्याकडे रोजची, तिथे तो मेसेज म्हणजे पुरावा. न विचारता कोणाचा फोटो काढून टाकला तरी केस. मुलीला हे माहिती असेलच, पण भारतातल्या राजकारणावर रागाच्या भरात काही लिहायच्या आधी दहा मिनिटं थांब एवढं सांगा.

काही गोष्टी मात्र खरंच बदलल्यात. लग्न न करता एकत्र राहणं २०२० च्या नोव्हेंबरपासून गुन्हा राहिला नाही. मुस्लिमेतरांसाठी लग्न, घटस्फोट, वारसा यांचा वेगळा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नवरा गेला किंवा घटस्फोट झाला तर बाईला स्पॉन्सरशिवाय, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारा कोणी नसतानाही, वर्षभर राहता येतं, ही सोय २०१८ ची. मी गेले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. फक्त हे सगळं वरून हुकूम निघून झालंय. मला यातली खरी भीती हीच वाटते की जे वरून आलं ते वरूनच बदलू शकतं, आणि तेव्हा आपलं मत विचारायला कोणी येणार नाही.

म्हणून तिला परत ये म्हणू नका, तिचा कॉन्ट्रॅक्ट मागा. त्यात बेसिक किती ते बघा. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. पगार १२,००० दिरहॅम पण बेसिक ४,००० असेल तर पाच वर्षांचे १४,००० हातात येतात, तेच बेसिक ८,००० असेल तर २८,०००. जॉइन होताना कोणी हे बघत नाही, सगळे एकूण आकडा बघून खूश. मीही नव्हतं बघितलं. आणि शेवटी नोकरी सोडताना पीआरओने, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने, व्हिसा कॅन्सलेशनचा कागद पुढे केला, त्यावर सगळे पैसे मिळाले असं छापलेलं, पैसे तर मिळालेच नव्हते, तो म्हणाला मॅडम फॉर्मॅलिटी आहे, मी सही केली. पुढचे सात महिने त्या एका सहीपायी फोन करत होते, निम्मेच मिळाले. मुलीला सांगा, पैसे खात्यात आल्याशिवाय त्या कागदाला पेन लावायचं नाही.

बाबांना मताचं एवढं वाटतं तर तिचं नाव परदेशस्थ मतदार म्हणून नोंदवा, फॉर्म ६ए. मतदान मात्र स्वतः येऊनच करावं लागतं.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अबुधाबीला फॅब्रिकेशनच्या कंपनीत आहे. पासपोर्ट कंपनीने ठेवलाय, म्हणतात सेफ राहतो, सगळ्यांचाच ठेवतात. हे बरोबर आहे का? आम्ही चिपळूणचे.

उत्तर : बरोबर नाही. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या कामगार कायद्यात स्पष्ट आहे की कामगाराची ओळखपत्रं मालकाने अडकवून ठेवायची नाहीत. आणि पासपोर्टवरच छापलेलं असतं की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. पण भाऊ, तुमचा भाऊ उद्या एकटा ऑफिसात जाऊन कायदा सांगायला लागला तर काय होईल ते मला माहितीये. अकाउंट्सच्या कपाटात सगळे पासपोर्ट रबर लावून गठ्ठ्याने, समोर एक रजिस्टर. गणपतीला घरी जायचं तर जामीन म्हणून दुसऱ्या कोणाची तरी सही लागते. हक्क कागदावर आहे आणि रजिस्टर टेबलावर.

त्याने आधी पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), कॉन्ट्रॅक्ट या सगळ्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवावेत. मग पासपोर्ट लेखी मागावा, मेसेज चालेल, भाषा सौम्य. नाही दिला तर तिथल्या कामगार मंत्रालयाकडे अ‍ॅपवरून तक्रार करता येते. पगाराची वगैरे भानगड असेल तर ५०,००० दिरहॅमपर्यंतचा निकाल जानेवारी २०२४ पासून मंत्रालय स्वतःच देतं, आणि कोर्टात जायची वेळ आली तर एक लाखापर्यंतच्या दाव्याला फी नाही. आपली वकिलात आहे, दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तुम्ही चिपळुणातूनही तक्रार टाकू शकता. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम लावायला बंदी आहे, ते पाळतात का हेही त्याला विचारा.

प्रश्न : आमच्या रूममधला रत्नागिरीचा एक मुलगा झोपेतच गेला. घरी आई आणि लहान बहीण आहे. आम्ही शारजात बॅचलर रूमवर आठ जण आहोत, ग्रुपवर वर्गणीचा मेसेज टाकावा असं ठरतंय. टाकू का?

उत्तर : बाळांनो, नका टाकू. परवानगीशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं तिथे गुन्हा आहे, त्यासाठी २०२१ चा वेगळा कायदाच आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आपल्याकडे पाच मिनिटांत पावतीपुस्तक निघतं, तिथे नाही चालत.

आत्ता कंपनीला लेखी विचारा. मृतदेह गावी पोचवायचा खर्च कायद्याने मालकावर आहे, आणि त्याचे राहिलेले पैसे, ग्रॅच्युइटीसकट, दहा दिवसांत वारसांना द्यायचे असतात. कंपनीने हात वर केले तर दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटला सांगा, अशा वेळेसाठी सरकारचा कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. त्याचा पासपोर्ट दहावी न झालेल्यांचा, ईसीआरचा होता का ते बघा, तसा असेल तर १० लाखांचा विमा बहुतेक काढलेला असणार, आईला त्या विम्याचा नंबर लागेल. त्याच्या पेटीत कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, विम्याचा कागद जे सापडेल त्याचे फोटो आज रात्रीच बहिणीला पाठवा, कंपनीचा माणूस सामान न्यायला यायच्या आधी.