शून्याच्या खाली १,९३० पौंड

"काकू, बँक सगळे पैसे एकदम परत मागेल का हो?"

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका सामुदायिक केंद्रात मी शनिवारी कर्ज-समुपदेशनाला बसते. उन्हाळ्यात निकाल लागले की पुढचे तीनचार महिने हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. विचारणारी मुलं बहुतेक इथेच वाढलेली असतात. घरी मराठी बोलतात, बाहेर इंग्रजी, आणि पैशाबद्दल दोन्हीकडे गप्प. त्यांच्यापैकी एकीची हकीकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला आपण मुक्ता म्हणू.

मुक्ता आली ती ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या शनिवारी. हातात बँकेची पाच पाकिटं, त्यातली चार न फोडलेली. मी आकडा आधी विचारत नाही. झोप लागते का, जेवतेस का, घरी कुणाला माहीत आहे का, एवढंच विचारते. झोप लागत नव्हती. घरी माहीत नव्हतं. बँकेच्या ॲपच्या सूचना तिने सहा महिन्यांपूर्वीच बंद करून टाकल्या होत्या. आठवड्यावर गणपती आले होते, ७ सप्टेंबरला, आणि "या वर्षी कामामुळे जमणार नाही" असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं. खरं कारण वेगळं होतं. बाबांसमोर बसायची तिला हिंमत नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्या घरात तिने लहानपणापासून ऐकलेलं. कुणाचा एक पौंड ठेवला नाही, हा बाबांचा अभिमान.

पाकिटं आम्ही दोघींनी मिळून फोडली. हे मी मुद्दाम समोर बसवून करते, कारण न फोडलेलं पत्र माणसाच्या मनात रोज थोडं मोठं होत जातं. प्रत्यक्षात पत्रं साधी होती. खात्यात उणे १,९३० पौंड. १ सप्टेंबरपासून बिनव्याजी ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक नसताना खातं उणे नेऊन वापरता येणाऱ्या पैशांची, मर्यादा १,५०० वरून १,००० वर येणार, आणि त्यावरच्या रकमेला वर्षाला ३९.९ टक्के व्याज.

हे खातं काय असतं, ते भारतातल्या वाचकांसाठी सांगते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला बँक विद्यार्थी-खातं देते आणि त्यात बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देते. शिक्षण संपलं की त्याचंच पदवीधर-खातं होतं. बिनव्याजी मर्यादा मग एकदम काढून घेत नाहीत, दोनतीन वर्षांत पायरीपायरीने उतरवतात. मुक्ताच्या बँकेत पायऱ्या होत्या २,०००, १,५०० आणि १,०००. शेवटी ते साधं चालू खातं बनतं. एप्रिल २०२० पासून इथल्या नियामकाच्या, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या नियमांनी ओव्हरड्राफ्टवरचे रोजचे आणि महिन्याचे ठरावीक दंड बंद झाले आणि सरळ एकच वार्षिक दर लावणं बँकांना भाग पडलं. दंड गेले, पण बऱ्याच बँकांनी तो दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. म्हणजे बिनव्याजी मर्यादेबाहेरच्या दर हजार पौंडांमागे महिन्याला अठ्ठावीस पौंडांच्या घरात. (पुण्या-मुंबईहून एम.एस्सी.ला आलेली मुलंही मला याबद्दल विचारतात. ही खाती सहसा काही वर्षं इथे राहिलेल्यांनाच मिळतात. या मुलांची काळजी तिकडच्या शैक्षणिक कर्जाची असते आणि तिचे नियम निराळे आहेत.)

मुक्ताला वाटत होतं की आपण उधळे आहोत. तीन महिन्यांचा खर्च आम्ही ओळीओळीने मांडला. पगार वर्षाला २४,५००, हातात महिन्याला सतराशेच्या आतबाहेर. खोलीभाडं, बस, किराणा, फोन. उधळपट्टी कुठेच सापडली नाही. सापडलं ते असं, की तिचं शून्य सरकलेलं होतं. अठराव्या वर्षापासून तिने खात्यात कधी जमा बाजू पाहिलीच नव्हती. उणे दोन हजाराला तळ मानून ती वर मोजत होती. पगार आला की उणे तीनशे, महिनाअखेर उणे एकोणीसशे, आणि दोन हजारांच्या आत आहोत म्हणजे सगळं ठीक. असं जगणारी हुशार, कष्टाळू मुलं मी खूप पाहिली आहेत. बँकेनेच त्यांना कोवळ्या वयात ही सवय लावलेली असते. तिची लाज त्यांनी एकट्याने वाहावी हे मला पटत नाही.

मग मी तिला विचारलं, तुझं शिक्षण नेमकं कधी संपलं? "२०२३ ला." बँकेची पत्रं मात्र २०२२ धरून चालली होती. २०१९ मध्ये खातं उघडताना तिने तीन वर्षांचा अभ्यासक्रम लिहिला होता. पुढे तिने प्लेसमेंटचं, म्हणजे शिक्षणाच्या मध्येच नोकरीच्या अनुभवाचं, वर्ष घेतलं आणि तीनाची चार वर्षं झाली. विद्यापीठाला माहीत होतं, बँकेला कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे ती शिकत असतानाच बँकेने तिला पदवीधर करून टाकलं आणि प्रत्येक पायरी एक वर्ष आधी आली. तिने चॅटवर एकदा विचारलंही होतं. पलीकडून उत्तर आलं, तारखा आपोआप ठरतात, बदलता येत नाहीत. तिने ते शेवटचं उत्तर मानलं.

पण ते शेवटचं नव्हतं. चॅटवरची चौकशी आणि औपचारिक तक्रार यांत फार फरक आहे. 'ही माझी तक्रार आहे' असं स्पष्ट लिहिलं की बँकेवर घड्याळ लागतं. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही किंवा आलंच नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि बँक यांच्यातल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. ग्राहकाला त्याचा खर्च नाही, फक्त अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं.

पत्र तिने स्वतः लिहिलं, मी फक्त लांबण काढली. सोबत विद्यापीठाचं तारखांचं पत्र आणि आमचा जमाखर्चाचा तक्ता. मागण्या चार होत्या: शिक्षण संपल्याची तारीख दुरुस्त करा, चुकीच्या तारखेमुळे घेतलेलं व्याज परत करा, १,५०० च्या वरचा भाग मी खाली आणेपर्यंत त्यावर व्याज लावू नका, आणि पुढच्या पायऱ्यांच्या तारखा लेखी कळवा. शेवटी एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं: मी दरमहा ८५ पौंड कमी करू शकते, त्याहून जास्त नाही. घाबरलेली मुलं दोनशे-तीनशे कबूल करतात आणि दुसऱ्याच महिन्यात मोडतात. मोडलेल्या शब्दानंतर बँकेशी बोलणं दुप्पट अवघड होतं.

आता तिचा मूळ प्रश्न. एकदम मागेल का? कराराप्रमाणे ओव्हरड्राफ्ट मागताक्षणी परत करायचा असतो, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण अडचणीत असल्याचं कळवणाऱ्या ग्राहकाला समजून घेणं, वेळ आणि सवलत यांचा विचार करणं नियमांनी बँकेला बंधनकारक आहे. अट एवढीच, की अडचण बँकेला कळली पाहिजे. मर्यादेच्या आत राहून बोलणी करणाऱ्याची पत लगेच डागाळत नाही. गप्प राहून खातं थकलं आणि डिफॉल्टची, म्हणजे परतफेड चुकवल्याची, नोंद झाली, तर ती सहा वर्षं राहते.

काहींची स्थिती मुक्तापेक्षा वाईट असते. पगार आला की ओव्हरड्राफ्टमध्ये बुडतो, भाड्याला उरत नाही. त्यांना मी आधी वेगळ्या बँकेत, तीही त्याच समूहातली नाही हे बघून, साधं बिनओव्हरड्राफ्टचं खातं उघडून पगार तिकडे वळवायला सांगते, आणि त्याच दिवशी जुन्या बँकेला परतफेडीचा प्रस्ताव पाठवायला. पगार वळवून पत्रच न लिहिणं म्हणजे निव्वळ पळून जाणं, आणि त्याचे परिणाम वाईट होतात. कर्जं बरीच असतील तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस इथे फुकट सल्ला मिळतो. सल्लागारामार्फत इंग्लंड आणि वेल्समध्ये साठ दिवसांची 'ब्रीदिंग स्पेस'ही मिळू शकते. त्या काळात त्यात धरलेल्या बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुली थांबते.

मुक्ताला उत्तर सहाव्या आठवड्यात आलं. तारीख दुरुस्त झाली, ११८ पौंड व्याज परत मिळालं, मनस्तापाबद्दल ६० पौंड, आणि डिसेंबरपर्यंत वरच्या रकमेवर व्याज नाही. अभ्यासक्रम बदलल्याचं तिने कळवायला हवं होतं, हेही बँकेने त्यात लिहिलं. ते वाचून ती खट्टू झाली. मला मात्र ते वाक्य खरं वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं.

बाबांना सांगणं यापेक्षा कठीण गेलं. पत्र धाडल्यावर, गणपतीच्या आदल्या रात्री ती घरी गेली. बाबांना आधी वाटलं, ही विद्यार्थी-कर्जाबद्दलच बोलते आहे. ते वेगळं. ते पगारातून कापतात, तिचा पगार तेव्हाच्या २७,२९५ पौंडांच्या रेषेखाली असल्याने त्याची वसुली सुरूही झाली नव्हती. ओव्हरड्राफ्टचं कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सगळे पैसे मी आत्ता भरतो म्हणाले. तिने नको म्हटलं, तक्ता पुढे ठेवला आणि ८५ च्या ओळीवर बोट ठेवलं. आईने विचारलं, "जेवणाचे एवढेच धरलेस?" जेवणाच्या ओळीत मग वीस पौंड वाढले, ते दरमहा आई देते. मुक्ताने तेवढं घेतलं.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी तिचा मेसेज आला: "काकू, उणे ८१७. ॲपच्या सूचना परत चालू केल्या आहेत."