बोंडं दुखतायत? आधी बाळाचं तोंड बघ

अगं, मलम नंतर. आधी अंगावर पाजताना बाळ तोंडात काय धरतंय ते बघ. नुसतं बोंड चोखत असेल तर चिरा पडणारच. त्याचं नाक बोंडासमोर आण, जांभईएवढा मोठा आ केला की पटकन त्यालाच जवळ घे. आपण वाकायचं नाही. हनुवटी छातीला टेकायला हवी आणि बोंडाभोवतीचा काळा भाग, खासकरून खालचा, तोंडात जायला हवा. पाजून झाल्यावर बोंड नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटं दिसलं, तर पकड चुकली. ओढून सोडवू नकोस, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत घाल.

माझी थोरली फोंड्यात ऐन जुलैत झाली. कपडे वाळेनात, दमट ब्रा तशीच घालायचे, चिरा चिघळल्या. तू ब्रामधला दूध टिपणारा पॅड ओला झाला की बदल. साबण नको; आपल्याच दुधाचे दोन थेंब लाव, वाळू दे. सासूबाई खोबरेल सुचवतील, थोडं लाव हवं तर, पण पकड सुधारल्याशिवाय उपयोग शून्य.

ताप आला, छाती कुठे लाल-गरम झाली किंवा बाळाच्या तोंडात पुसूनही न जाणारे पांढरे डाग दिसले, तर डॉक्टरांना दाखव. पाजणं मात्र एकदम बंद करू नकोस, दूध साचून आणखी दुखेल.