बाईंना विचारा : ‘च’ घालून बघा

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची निघाली. कमी-जास्त, थोडं-फार, किती. मराठीत ‘किती’ म्हटलं की काम भागतं. पाणी किती, माणसं किती, राग किती, सगळीकडे तेच. इंग्रजीत पाऊल टाकलं की त्याच ‘किती’ला दोन दारं, मोजता येणाऱ्यांचं ‘हाउ मेनी’ आणि न मोजता येणाऱ्याचं ‘हाउ मच’, आणि दोन्हींवर वेगवेगळी कुलपं. ठाण्यातल्या एका रात्रशाळेत ३५ वर्षं मी ही कुलपं उघडत बसले. दिवसभर वागळे इस्टेटमध्ये मशीनवर उभी राहून आलेली मुलं रात्री साडेआठला विचारायची, “बाई, इतकं कशाला?” त्यांना जे सांगत असे तेच इथे सांगते.

बाई, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. सभेचं इतिवृत्त इंग्रजीत लिहितो, कारण निम्मे सभासद अमराठी. लिफ्ट बदलण्याच्या ठरावाच्या बाजूने सात-आठ जण बोलले. मी लिहिलं, ‘फ्यू मेंबर्स सपोर्टेड द प्रपोजल.’ पुढच्या सभेत विरोधी मंडळींनी हेच वाक्य वाचून दाखवलं : बघा, सेक्रेटरीच म्हणतात पाठिंबा नव्हता! माझं चुकलं काय?

चुकलं काहीच नाही, राहिलं. एक ‘अ’ राहिला. ‘अ फ्यू मेंबर्स’ म्हणजे काही सभासद. ‘फ्यू मेंबर्स’ म्हणजे फारसं कुणी नाही. माणसं तीच सात-आठ, पण पहिल्या वाक्यात तुम्ही आलेल्यांकडे बघताय आणि दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्यांकडे. लिफ्टच्या विरोधकांचं इंग्रजी तुमच्याहून बरं आहे, एवढं मान्य करून टाका.

या ‘अ’ने माझीही एक नोकरी घालवलेली आहे. १९७९ साल. चरईत दोन वर्षं घरगुती शिकवण्या केल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर एका शाळेत अर्ज केला. ऐटीत लिहिलं, ‘आय हॅव लिटल एक्स्पिरिअन्स ऑफ टीचिंग.’ मला म्हणायचं होतं, थोडा अनुभव आहे. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं. “शिकवण्याचा अनुभव जवळजवळ नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग आम्ही विचारायचं काय?” मी इंग्रजीची बी. ए.! घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं की त्यांनी माझा अपमान केला की माझं वाक्य नुसतं वाचून दाखवलं. रात्री शब्दकोश उघडला तेव्हा कळलं. नुसतं वाचूनच दाखवलं होतं.

आपल्याकडून हा ‘अ’ सुटतो याचं कारण साधं आहे. मराठीत असं उपपद नाहीच, त्यामुळे कानाला ते नसल्याचं टोचत नाही. पण जे काम इंग्रजीत ‘अ’ करतो, ते मराठीत ‘च’ करतो, फक्त उलट्या बाजूने. ‘टाकीत थोडं पाणी आहे’ म्हटलं की आंघोळ उरकून घ्यावी. ‘टाकीत थोडंच पाणी आहे’ म्हटलं की बादली भरून ठेवावी. इंग्रजी ‘अ’ काढून निराश होते, मराठी ‘च’ लावून. म्हणून मुलांना सांगायची, वाक्य आधी मराठीत म्हणा आणि ‘च’ घालून बघा. ‘मोजकेच सभासद बाजूने होते’, असं तुम्हाला म्हणायचं होतं का? नव्हतं ना? मग ‘अ’ लावा. मोजता येणाऱ्यांना ‘फ्यू’, न मोजता येणाऱ्याला ‘लिटल’, आणि ‘च’ची परीक्षा दोघांना सारखीच.

एक खोडी मात्र आहे. ‘ओन्ली अ फ्यू’मध्ये ‘अ’ असूनही अर्थ मोजकेच असा होतो, कारण तिथे ‘ओन्ली’ हाच ‘च’. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच! सात-आठ जणांना तुम्ही ‘क्वाइट अ फ्यू’ म्हटलं असतं, तर लिफ्ट एव्हाना बसली असती. इतिवृत्तात खरं तर आकडाच लिहावा. आकड्याला व्याकरण लागत नाही.

बाई, मी तुमची २०११च्या दहावीची विद्यार्थिनी. सध्या ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला आहे. ग्राहकाच्या नोंदवलेल्या तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. मेलमध्ये ‘लेस तिकीट्स धिस वीक’ लिहिलं, तर टीम लीडने सगळ्यांसमोर ‘फ्यूअर’ करायला लावलं. घरी येऊन बघितलं तर इंग्रज लोकही ‘लेस’ म्हणतात. मग मी चुकले का?

अगं, टीम लीडचं बरोबर आहे आणि तुझंही फारसं चूक नाही. मेलमध्ये मात्र ‘फ्यूअर’च लिही. पगार ते देतात.

नियम तुला पाठ असेल : मोजायच्या, अनेकवचनी वस्तूंना ‘फ्यूअर’, बाकी ‘लेस’. फ्यूअर तिकीट्स, लेस वर्क. पण हा नियम देवाने दगडावर कोरून दिलेला नाही. नवव्या शतकात, राजा आल्फ्रेडच्या काळातल्या इंग्रजी लिखाणातही ‘लेस’चा जुना अवतार मोजायच्या गोष्टींना लावलेला सापडतो. पुढे शेकडो वर्षं कुणाची तक्रार नव्हती. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने इंग्रजीच्या वापरावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की संख्येबद्दल बोलताना लोक सर्रास ‘लेस’ वापरतात, पण मला वाटतं ‘फ्यूअर’ जास्त बरं. मला वाटतं, एवढंच! एका माणसाची आवड, पुढच्या मास्तरांनी तिचा कायदा केला. मीही त्यातलीच. किती वह्यांवर लाल शाई सांडली असेन.

गंमत अशी की ‘जास्त’साठीही इंग्रजीत एके काळी दोन शब्द होते. संख्येला ‘मो’ आणि आकाराला, राशीला ‘मोर’. ‘मो’ बिचारा मेला, कुणी रडलं नाही. आता पाणीही मोर आणि तिकीटंही मोर, आणि कुणाचं काही अडत नाही. ‘फ्यूअर’ मात्र जगला, आणि जगला म्हणून भांडणं लावतोय. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या झटपट काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्या असत. त्यावर व्याकरणवाल्यांनी इतकी कुरकुर केली की २००८ साली टेस्कोने नव्या पाट्या केल्या : ‘अप टू टेन आयटम्स’. ‘लेस’ही नको आणि ‘फ्यूअर’ही नको. अडचणीच्या माणसाला बघून गोखले रोडच्या दुसऱ्या फुटपाथवर जावं, तसं.

नियम पाळायचा तर त्याच्या सुट्याही पाळ. अंतर, वेळ आणि पैसे मोजले तरी त्यांना ‘लेस’च शोभतं. लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स, लेस दॅन टेन मिनिट्स, लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज. कारण आपण तिथे पाच वेगळे किलोमीटर डोळ्यांपुढे आणत नाही, एक सलग अंतर आणतो. रिक्षावाला म्हणतो, “पाच किलोमीटर आहे,” पाच किलोमीटर ‘आहेत’ नाही म्हणत. बघ, मराठीलाही ते कळतं.

आणि कृपा करून ‘लेसर तिकीट्स’ लिहू नकोस. ‘लेस’चं साधं वाटलं म्हणून लोक ‘लेसर’ लावतात, जणू तो त्याचा सुटाबुटातला भाऊ. त्याचा अर्थ दुय्यम, कमी महत्त्वाचा. लेसर तिकीट्स म्हटलंस तर तुमच्या ग्राहकांच्या तक्रारी किरकोळ आहेत, असं लिहिल्यासारखं होईल. मग टीम लीड सगळ्यांसमोर काय करेल, सांगता येत नाही.

मी वाशीच्या धान्य बाजारात एका गाळ्यावर हिशेब बघतो. परदेशी पार्टीला मेल गेला, ‘लार्ज अमाउंट ऑफ बॅग्ज’. त्यांनी उत्तरात ते गुपचूप ‘नंबर ऑफ बॅग्ज’ केलं. तांदूळ तोच ना?

तांदूळ तोच, पण पोती वेगळी. पोती मोजली जातात म्हणून ‘नंबर’, आतला तांदूळ वजनावर जातो म्हणून ‘अमाउंट’ किंवा ‘क्वांटिटी’. तुमच्या धंद्यात ‘क्वांटिटी’ वापरा, तो शब्द पोत्यांनाही चालतो आणि तांदळालाही. ‘अमाउंट’ तर आपल्याकडे बँकेच्या स्लिपने इतका पळवलाय की वाचणाऱ्याला आधी रुपयेच दिसतात.

पण मला तुमच्या तांदळातच जास्त रस आहे. मराठीत तांदूळ निवडले, तांदूळ संपले, अनेकवचन. शिजवले की भात झाला, भात उरला, एकवचन. म्हणजे कच्चा असताना मोजायचा आणि शिजल्यावर नाही! इंग्रजीत दोन्ही ‘राइस’, दोन्ही वेळा एकवचन. गव्हाचंही तसंच : आपले गहू महागले, त्यांचं ‘व्हीट’ महागलं. म्हणून आपला माणूस ‘मेनी राइस’ म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो, तो मराठी व्याकरण अगदी बरोबर चालवत असतो. फक्त चुकीच्या रस्त्यावर.

जाताजाता, ‘अ नंबर ऑफ बॅग्ज आर टोर्न’, पण ‘द नंबर ऑफ बॅग्ज इज टू फॉर्टी’. पहिल्यात पोती फाटलीत, दुसऱ्यात आकडा सांगितलाय. फाटलेली पोती अनेक, आकडा एक.

कळव्याहून लिहितो. नातू पाचवीत आहे. पुस्तकात ‘मनी’ न मोजता येणाऱ्यांत दिलंय. तो म्हणतो, आजोबा, तुम्ही तर रोज मोजता! काय उत्तर देऊ?

नातवाला सांगा, आजोबा मनी मोजत नाहीत, रुपये मोजतात. दूध आपण मोजत नाही, लिटर मोजतो. ‘मनी’ हे दूध, रुपया हे माप. ‘हाउ मच मनी’, ‘हाउ मेनी रुपीज’.

त्याचं समाधान झालं नाही तर घरातलाच पुरावा द्या. ‘त्याच्याकडे पैसा आहे’ म्हणतो तेव्हा एक पैसा म्हणायचं असतं का? नाही, सगळी इस्टेट आली त्यात. आणि ‘पैसे मोजून घे’ म्हटलं की लगेच अनेकवचन. म्हणजे मराठीने दोन्ही सोयी करून ठेवल्या. पैसा हे खरोखरचं नाणं होतं, हे तर तुम्हाला आठवत असेल. १९५७च्या एप्रिलपर्यंत रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. मग १०० ‘नये पैसे’ आले आणि शाळेतल्या पोरांना सगळे हिशेब नव्याने घोकावे लागले. तुम्ही त्यांतलेच असाल.

मोजता येतं की नाही हे वस्तूकडे बघून ठरत नाही, भाषा ठरवते. आपले केस गळतात, त्यांचं ‘हेअर’ गळतं. पण आमटीत निघाला की त्यांचाही ‘अ हेअर’ होतो, एकच आणि अगदी मोजलेला. चहा न मोजता येणारा, तरी टपरीवर आपण ‘दोन कटिंग’ म्हणतो आणि तेही ‘टू टीज’ म्हणतात.

बाकी ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’ यांना ‘एस’ लागत नाही, हे त्याला पाठच करू दे. मोजायचेच झाले तर मध्ये एक शब्द घालावा लागतो, ‘पीस’. अवघड वाटलं तर जांभळी नाक्याच्या मंडईत न्या त्याला. तिथे कुणी ‘दोन कोथिंबिरी’ मागत नाही, दोन जुड्या मागतात. लसणाचा गड्डा असतो, पाकळी असते. आणि पार्सल ऑफिसात विचारतात, सामानाचे नग किती? तो ‘नग’ म्हणजेच ‘पीस’. टू पीसेस ऑफ लगेज, सामानाचे दोन नग. हे एकदा सांगितलं की आमच्या रात्रशाळेतला हमालीचं काम करणारा मुलगा कधी चुकला नाही. बाकी वर्ग चुकत राहिला.

नेरूळहून. मुलगा ‘आय हॅव मच होमवर्क’ म्हणतो. त्याच्या टीचर ‘अ लॉट ऑफ’ करून देतात. होमवर्क मोजता येत नाही, मग ‘मच’ का नको?

टीचरचं बरोबर. ‘मच’ नकारात आणि प्रश्नात मोकळेपणाने वावरतो : आय डोन्ट हॅव मच, हाउ मच. सरळ होकारी वाक्यात एकटा आला की पोथीतून उठून आल्यासारखा वाटतो. ‘टू मच’, ‘सो मच’ असा कुणाचा हात धरून आला तर चालतो, आणि तुमच्या मुलाला बहुधा ‘टू मच’च म्हणायचं असावं. ‘होमवर्क्स’ मात्र म्हणू देऊ नका. कितीही विषयांचा दिला तरी होमवर्क एकच राहतो.