सोलापुरात मराठी सिनेमा लागतो, पण थांबत नाही

ताई, 'सगळे चांगला म्हणाले म्हणून दुसऱ्या आठवड्यात गेले तर सिनेमाच उतरलेला. आता अलीकडचे आणि येणारे कोणते बघू?' हे तुमचं वाचलं आणि मीच लिहिलंय की काय असं वाटलं.

'वाळवी' १३ जानेवारी २०२३ ला लागला, म्हणजे ऐन गड्ड्यात, आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत. सोलापूरकराला पुढचं सांगायला नको. घरात पाहुणे, पोरं होम मैदानावरून हलायला तयार नाहीत. म्हटलं, यात्रा आटपू दे, मग निवांत बघू. इथंच चुकलं. २५ तारखेला 'पठाण' आला आणि 'वाळवी'चा दुपारचा एकच खेळ उरला. मी हाफ डे टाकला, मोबाइलवर तीन तिकिटं काढली, आईला रिक्षात घालून नेलं. खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सातच जण हायेत. शो लावत नाही."

आई म्हणाली, "आम्हा तिघांना धरून सात का सोडून?"

तो गप्प. पैशाचं विचारलं तर ॲपकडे बोट. ॲपवाले म्हणे, शो रद्द झाल्याचं थिएटरनं कळवलंच नाही. दोन आठवडे हेच. शेवटी तिकिटाचे पैसे आले, वरचा आकार बुडालाच. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. त्याच सिनेमाला नंतर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मी तो कुकरच्या शिट्ट्या ऐकत मोबाइलवर बघितला.

तेव्हापासून माझा नियम: छोटा मराठी सिनेमा शुक्रवारी नाहीतर शनिवारीच. सोमवारपासून किती खेळ ठेवायचे ते या दोन दिवसांच्या गर्दीवर ठरतं. परीक्षणं वाचून मग जाणाऱ्यांनी (म्हणजे आपणच) सिनेमे मारलेत असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या. निघण्याआधी थिएटरला फोन मात्र कराच, ॲपवर हिरवं दिसतंय म्हणून विश्वास नको. आणि सरकारी आदेशाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. २०१५ ला मल्टिप्लेक्सात प्राइम टाइमला मराठी म्हणून गाजावाजा झाला, मग ती वेळच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली. भर दुपारी बाराला सोलापुरात, मे महिन्यात, कोण बाहेर पडतंय सांगा!

आता आवडलेले. २०२५ मधला 'आता थांबायचं नाय' आधी बघा. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी देतात, घडलेली गोष्ट आहे. भरत जाधव इतका कमी बोलून इतका भिडलेला मी तरी पाहिला नव्हता. 'दशावतार' दिलीप प्रभावळकरांसाठी. वय ऐंशीच्या पुढं आणि अंगात ते वारं. शेवट मला जरा लांबल्यासारखा वाटला, पण घरात मी एकटाच तसं म्हणतो. 'साबर बोंडं'ला सनडान्समध्ये मोठं पारितोषिक मिळालंय, पण संथ आहे. घाईत असाल तर नको. आणि घरच्यांना सांगून न्या, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. माझ्या मेव्हण्यानं मध्यंतरात विचारलेले प्रश्न इथं लिहिण्यासारखे नाहीत.

येणाऱ्यांत रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'साठी १ मे २०२६ जाहीर झालीय, आणि हिंदी 'रामायण'चा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत, दुसरा २०२७ च्या. या दोघांची काळजी नको, महिनाभर खेळ मिळतील. तारखा तेवढ्या पुढं-मागं होतात, तेव्हा आत्तापासून रजा टाकू नका.

अजून एक, विचारलं नाही तरी सांगतो. मोठा तेलुगू सिनेमा आला की हिंदी डबच्या मागं लागू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मित्राला गाठा आणि त्याच्यासोबत तेलुगूतच बघा. भाषा नाही आली तरी शिट्टी कुठं मारायची ते पब्लिक सांगतंय.

रिफंड अडकला असेल तर तिकिटाचा आणि बंद खिडकीचा फोटो तिथल्या तिथं काढून ठेवा. मी काढला नव्हता.